बुफेत वाढपी कोण?

लग्नाचं जेवण आटोपून हॉलबाहेर पडणाऱ्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास असते: लोकांना जेवायची रीतच राहिली नाही. ताट शिगोशीग भरून घेतात, निम्मं टाकतात, रांगेत मधेच घुसतात, काउंटरला टेकून तिथेच जेवत उभे राहतात. तक्रार खोटी नाही. पण तिच्या पाठोपाठ येणारं ‘पंगती होत्या तेच बरं होतं’ हे वाक्य मला पटत नाही. पंगत मोडली तेव्हा बसून जेवायचं ते उभं राहून जेवायचं, एवढाच फरक पडला असं आपण धरून चाललो. मोठा फरक दुसराच होता. वाढपी गेला. त्याचं काम पुढे कुणी करायचं हे कुणी ठरवलं नाही आणि ते आपसूक पाहुण्याच्या अंगावर येऊन पडलं. बुफेत प्रत्येक जण आपला आपण वाढून घेतो. ते त्याला जमतं का, हे मात्र कुणी बघितलेलं नाही.

वाढणं हे शिकायचं काम आहे. पंगतीतलं पान जरा नीट बघा. मीठ सगळ्यांत आधी, वरच्या बाजूला मधोमध. केळीचं पान असेल तर निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, मग भजी, पापड, कुरडई. उजवीकडे बटाट्याची सुकी भाजी, अळूची पातळ भाजी किंवा आमटी. समोर वरणभाताची मूद आणि तिच्यावर तूप. पदार्थाच्या जागेवरूनच तो किती वाढायचा ते कळतं. डावी बाजू चवीपुरती, उजवी बाजू पोटासाठी. नवख्या पोराच्या हातात चटणीचं भांडं दिलं तरी तो भाजीएवढी चटणी वाढत नाही, कारण तिथे तेवढी जागाच नसते.

क्रमही ठरलेला. ‘वदनी कवळ घेता’ झाल्यावर सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची. आधी वरणभात, मग पुरी किंवा पोळी, मग मसालेभात, गोडाचा आग्रह, मठ्ठा, शेवटी ताकभात किंवा दहीभात. आमटीची बादली घेऊन फिरणारा अर्धं ओगराळं वाढून पुढे सरकतो. त्याला माहीत असतं की आपण याच ओळीतून पुन्हा दोनदा जाणार आहोत. जेवणाऱ्यालाही ते माहीत असतं. म्हणून पहिल्या फेरीत कुणी ‘अजून घाला’ म्हणत नाही. ज्याला हवं तो दुसऱ्या फेरीला हात वर करतो, नको तो पानावर आडवा धरतो.

पदार्थ पुन्हा आपल्यापर्यंत येणार, ही ती खात्री. बुफेत नेमकी तीच नाही. पंधरा मिनिटं रांगेत उभं राहून एकदाचा माणूस भांड्यांपाशी पोचतो, तेव्हा पुन्हा ही रांग लावायची नाही हे त्याने मनाशी ठरवलेलं असतं. मग मसालेभाताचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी पनीर, त्याला टेकून दोन गुलाबजाम, भाताखाली दबलेली कोशिंबीर आणि पाक शिरून गोड झालेली भाजी असं ताट तयार होतं. आपण त्याला हावरा म्हणतो. पण बहुतेक वेळा ती हाव नसून रांगेची धास्ती असते. आणि हे खरं असेल तर नुसतं ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ अशी पाटी भिंतीवर लावून काही होणार नाही. रांग आखूड करावी लागेल.

रांगेचं गणित सोपं आहे. बारा-पंधरा भांड्यांच्या एका रांगेतून दर दहा सेकंदांनी एक माणूस बाहेर पडतो असं धरा. हा वेग बरा म्हणायचा. म्हणजे मिनिटाला सहा. 600 पाहुण्यांना 100 मिनिटं. अक्षता पडल्या की सगळे एकदम जेवणाकडे वळतात, त्यामुळे शेवटच्या माणसाला खरोखरच तेवढं थांबावं लागतं. तेच टेबल भिंतीपासून चार हात पुढे ओढलं आणि दोन्ही बाजूंनी लोक सोडले की दोन रांगा होतात. अशी दोन टेबलं मांडली की चार रांगा, आणि 100 मिनिटांची 25 होतात. अन्न तेवढंच. तरी बऱ्याच हॉलमध्ये टेबल भिंतीला चिकटवलेलंच दिसतं, कारण मागे वेटरना उभं राहायला बरं पडतं. कधी ताटांच्या चळती दोन्ही टोकांना ठेवतात. मग दोन्हीकडून निघालेले लोक मध्यावर, बहुधा पनीरच्या भांड्यापाशी, समोरासमोर येतात. गरम पुऱ्यांसाठी थांबणारे सगळी रांग तुंबवतात, ते वेगळंच. पुरी रांगेतून काढून टोपलीत घालून जेवणाऱ्यांमध्ये फिरवली तर तेवढा वाढपी तरी परत येईल.

आता पदार्थांची संख्या. मोठ्या माणसाचं पोटभर जेवण साधारण अर्धा ते पाऊण किलोचं असतं. काउंटरवर वीस पदार्थ मांडले आणि पाहुण्याने प्रत्येकाचं एकच डाव, म्हणजे 50 ग्रॅम, घेतलं तरी ताटात किलोभर अन्न होतं. त्याने रीत सोडलेली नाही. उलट यजमानाचा मान राखायला सगळं थोडं थोडं घेतलं. तरी पाव किलो टाकलं जाणारच. वर पाणीपुरी, डोसा, पास्ता यांचे काउंटर जेवणाआधी लागलेले असतात, म्हणजे हा ताटापर्यंत येतो तो आधीच अर्धा जेवलेला. पंगतीत दोन भाज्या, एक पातळ, दोन भात, एक गोड, फार तर दोन. गरिबीचा त्याच्याशी संबंध नव्हता. पोटाचा अंदाज असलेल्या आचाऱ्याने बांधलेली ती यादी होती. ज्याला खरंच अन्न वाचवायचं आहे त्याने पाहुण्यांना उपदेश करण्याआधी यादीतले सहा पदार्थ खोडावेत.

इतकं सांगूनही मी पंगतीच्या बाजूने का नाही? पंगतीत कोण बसतो आणि कोण बसू शकत नाही, हा या महाराष्ट्रातला साधा प्रश्न कधीच नव्हता. 1890 साली पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं झाली, त्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराची कारवाई, झालं आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कोल्हापुरात दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानाकडे गावकरी फिरकत नव्हते, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले. कुणाच्या शेजारी बसून काय खाल्लं यावर माणसाची जात, प्रतिष्ठा आणि बहिष्कार ठरत होता. बुफेच्या रांगेत पुढचा कोण आणि मागचा कोण हे विचारायची सोयच नाही. नावं ठेवताना एवढं श्रेय त्या रांगेला द्यायला हवं.

दुसरी गोष्ट घरातली. एका वेळी 100 पानं बसत असतील आणि एक पंगत उठून जागा साफ होईपर्यंत 40 मिनिटं जात असतील, तर 600 माणसांना चार तास लागतात. त्या चार तासांच्या शेवटी कोण बसायचं? घरच्या बायका आणि वाढणारी मुलं. तोवर आमटीत पाणी पडलेलं, जिलबी मऊ झालेली. पंगतीच्या आठवणी काढून हळहळणाऱ्यांमध्ये शेवटच्या पंगतीला बसलेल्या फारशा दिसत नाहीत.

तिसरा प्रकार अजून चालू आहे: टेबल-खुर्च्यांची पंगत. टेबलावर कागदाचा लांब पट्टा पसरतात आणि जेवण झालं की पानांसकट गुंडाळून टाकतात. इथे जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचा माणूस पाठीवर हात टेकून उभा असतो. हा ताकभातावर आला की तो खुर्चीवर रुमाल टाकतो. लग्नातल्या जेवणाच्या सगळ्या गैरशिस्तीत ही मला सर्वांत वाईट वाटते, कारण ती दुसऱ्याचा घास घशाखाली उतरू देत नाही. इथे उपाय आहे आणि तो यजमानाच्याच हातात आहे. जेवणाच्या दालनाला दार असेल तर पंगत बसली की दार ओढून घ्यायचं आणि बाहेर खुर्च्या व पाणी ठेवायचं. दार नसेल तर घरातली दोन माणसं तिथे उभी करायची, हॉलचे रखवालदार नव्हेत. आपल्या माणसाने ‘काका, दहा मिनिटं, इथे बसा’ म्हटलं की लोक ऐकतात.

तर बुफे राहणार. मग वाढप्याची विद्या पाहुण्याने उचलावी, आणि ती अवघड नाही. ताट हातात घेण्याआधी रिकाम्या हाताने एक चक्कर मारून काय काय आहे ते बघून यावं. पहिल्या फेरीत डावी बाजू, एक भाजी, एक पातळ, दोन पोळ्या किंवा पुऱ्या. भात दुसऱ्या फेरीला. गोड घ्यायचं तर वेगळ्या वाटीत. डाव अर्धं भरावं, जसं ओगराळं अर्धं भरतात. आपलं घेऊन झालं की काउंटरपासून चार पावलं लांब जावं. भांड्याशी उभं राहून गप्पा मारणारा माणूस मागच्या वीस जणांना थांबवतो. भांड्याचं झाकण परत लावावं. ही नुसती नीटनेटकेपणाची बाब नाही: गरम अन्न 60 अंशांच्या वर राहिलं तर सुरक्षित, खाली येऊन तासन् तास राहिलं तर जंतू वाढतात, आणि खालचा बर्नर विझलेला असेल तर झाकण उघडं टाकणारा त्यात भरच घालतो. एका भाजीतलं डाव दुसरीत घालू नये. शेजारी मांसाहारी भांडं असेल किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी वेगळं काढलं असेल, तर एका डावाने कुणाचं तरी जेवण राहतं.

खरी पंचाईत पुढे आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपण हाताने जेवतो. पहिली फेरी संपली की उजवा हात खरकटा, डाव्या हातात ताट. आता दुसऱ्यांदा वाढून कसं घ्यायचं? खरकट्या हाताने डाव धरलं तर त्याचा दांडा चिकट होतो आणि पुढचे शंभर जण तो धरतात. उष्ट्या-खरकट्याचा विचार जुनाट म्हणून सोडून दिला तरी पोटाच्या विकाराच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. ताट उजव्या हाताच्या मनगटावर तोलून डाव्याने घ्यावं, तर आमटी शेजारच्याच्या शालूवर. शिवाय डाव्या हाताने वाढू नये हे लहानपणापासून मनावर ठसलेलं. ही अडचण पंगतीत कधी आलीच नाही, कारण वाढणारा आणि जेवणारा वेगळे होते. म्हणून बुफेतही दुसरी फेरी वाढप्यानेच द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. काउंटरमागे पाच-सहा माणसं उभी असतातच. त्यांच्या हातात डाव द्यावं आणि पाहुण्याने फक्त ताट पुढे करावं. तेही नसेल तर काउंटरच्या कडेला ताट टेकायला वीतभर जागा सोडावी आणि निःसंकोच डाव्या हाताने घ्यावं. तिथे कुणाचा अपमान होत नाही. चमच्याने जेवणाऱ्याला ही अडचण नाही, पण वरणभात चमच्याने खा असं मी कुणाला सांगणार नाही.

आग्रह. पंगतीत त्याचीही एक रीत होती: पहिलं ‘नको’ संकोचाचं, दुसरं खरं. वाढपी ते ओळखायचा, कारण पान त्याच्या डोळ्यांसमोर असायचं आणि जेवणारा मांडी घालून स्थिर बसलेला. बुफेत यजमान गुलाबजामचं ताट घेऊन फिरतो आणि उभ्या माणसाच्या हातातल्या ताटात, तो ‘अहो, नको’ म्हणेपर्यंत, एक टाकून पुढे जातो. या माणसाला दोन्ही हात अडकलेले असल्याने ताट झाकताही येत नाही. तो गुलाबजाम जातो कचऱ्यात आणि दोष पाहुण्याचा धरला जातो. उभ्या माणसाला एकदाच विचारावं आणि पहिला नकार खरा मानावा. मुलाकडच्यांना मान म्हणून आग्रह हवाच असेल तर विहिणींची बसून पंगत करावी. पंचवीस-तीस जणींची, रांगोळी घालून, नाव घेत, हवा तेवढा वेळ. ती हौस तिथे शोभते.

या सगळ्याआधीचा शिष्टाचार ताटापर्यंत पोचतच नाही. तो म्हणजे किती जण येणार हे कळवणं. पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेलं असतं आणि उत्तर द्यायची पद्धत नाही. घरात पाच माणसं, येणार दोन की पाच की कुणीच नाही, हे यजमानाने अंदाजाने धरायचं. आचाऱ्याचा हिशोब मात्र माणशी असतो. साधा भात आणि मसालेभात मिळून माणशी 80 ते 100 ग्रॅम तांदूळ धरला, तर 100 माणसांचा अंदाज चुकला की एकट्या भातातच आठ-दहा किलो तांदूळ वाया. सगळ्यांच्या ताटातलं उष्टं गोळा केलं तरी त्याहून जास्त अन्न या न आलेल्या पाहुण्यांच्या नावाने शिजलेलं असू शकतं.

आपल्याकडे हे जमत नाही, असं म्हणतात. कोरोनाच्या काळात, एप्रिल 2021 मध्ये, राज्य सरकारच्या आदेशाने लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. तेव्हा प्रत्येक घराने नावानिशी यादी केली. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या लग्नात आमंत्रणाबरोबर येणार की नाही आणि काय जेवणार, हे विचारलेलं असतं; तिथे आपलेच भाऊ-बहिणी वेळेत उत्तर देतात. इथे व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवतोच आहोत, तर खाली एक ओळ घालावी: ‘जेवायला किती जण, ते अमुक तारखेपर्यंत कळवा.’ वडीलधाऱ्यांना फोन करून विचारावं, त्यांना ओळ पाठवू नये. सुरुवातीला निम्मे लोक कळवणार नाहीत. पण निम्म्यांचा तरी हिशोब पक्का होईल. आणि पाहुणा म्हणून आपण कळवलं, मग जमलं नाही, तर आदल्या दिवशी सकाळपर्यंत सांगावं. भाजी त्या दिवशी येते.

खेड्यांत हा प्रश्न वेगळा आहे. खानदेशात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, विदर्भ-मराठवाड्यात मांडवाखाली जमिनीवर बसून पुरी, भाजी, बुंदी. वाढायला गल्लीतली पोरं. तिथे चांगली चाललेली पंगत मोडून प्रतिष्ठेसाठी बुफे आणायची काहीच गरज नाही. फक्त जातीप्रमाणे बसणं कुठे उरलं असेल तर ते मोडावं, आणि थर्माकोल-प्लॅस्टिकच्या पत्रावळी सोडाव्यात. राज्यात त्यांवर मार्च 2018 पासून बंदी आहे. पळसाच्या पत्रावळीत पातळ आमटी ओघळते ही तक्रार खरी आहे. पातळ पदार्थासाठी द्रोण वेगळा द्यावा, नाहीतर स्टीलची ताट-वाटी भाड्याने आणावी आणि धुणाऱ्या बायकांना पुरेसे पैसे द्यावेत.

उरलेल्या अन्नाबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. उरलं तर आश्रमात देऊ, असं म्हणून पाहुणे निर्धास्त टाकतात आणि यजमान निर्धास्त शिजवतात. ताटातलं उष्टं कुठेच देता येत नाही. द्यायचं ते भांड्यातलं, हात न लागलेलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम केले आहेत आणि त्यातही सुरक्षित, खाण्याजोगं अन्न हीच अट आहे. संस्थेला फोन जेवण संपल्यावर करून भागत नाही. दुपारी साडेतीनला उरलेला भात त्यांच्यापर्यंत संध्याकाळी पोचला तर तो धोक्याचा असतो. आधी सांगून ठेवावं, झाकणाची स्वच्छ भांडी बाजूला ठेवावीत, आणि दूध-दह्याचे व खव्याचे पदार्थ देण्याच्या भानगडीत पडू नये. घरी राहिलेल्या आजींसाठी डबा मागणाऱ्या पाहुण्याकडे मात्र कुणी वाकडं बघू नये. तो डबा यजमानाने आपणहून भरून द्यावा.

शेवटी कॅटररशी होणारा करार, कारण अर्धी रीत तिथे बिघडते. बिल बऱ्याचदा वापरलेल्या ताटांच्या मोजणीवर असतं. आता पाहुण्याने दुसऱ्या फेरीला स्वच्छ ताट घेतलं तर यजमानाला एका माणसाचे दोन माणसांएवढे पैसे पडतात. खरकटं ताट पुन्हा काउंटरवर आणलं तर डाव त्या ताटाला लागतं. यजमानाचे नातेवाईक मग ताटांच्या चळतीपाशी उभे राहून कोण किती ताटं घेतो ते बघतात, आणि हे पाहुण्यांना दिसतं. मोजणी ताटांवर ठेवूच नये. माणसांच्या कबूल केलेल्या संख्येवर दर ठरवावा, वर किती टक्के जादा शिजवणार आणि त्याहून जास्त माणसं आली तर माणशी किती, हे लिहून घ्यावं. डोकी मोजायची तर जेवणाच्या दालनाच्या दाराशी कॅटररचा एक आणि घरचा एक माणूस ठेवावा. त्याच कागदावर टेबल दोन्ही बाजूंनी उघडं, दुसऱ्या फेरीला वाढायला माणसं, आणि कोशिंबिरीत शेंगदाण्याचा कूट असेल तर तो न चालणाऱ्यांसाठी तशी चिठ्ठी, हेही लिहून सही घ्यावी. तोंडी ठरलेलं लग्नाच्या दिवशी कुणाला आठवत नाही.